काळोख्या कथेची पहिली रात्र

पंढरीच्या वाटेवरचें माळशिरस हें मुक्कामाचें गांव आहे. आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नातेपुत्याहून येथें येते, एक रात्र काढते आणि दुसऱ्या दिवशीं वेळापूरची वाट धरते. मुक्कामाच्या गांवाला कथेची आवड असावी हें साहजिकच आहे. येणारा वाटसरू कांहीं तरी सांगत येतो आणि पुष्कळदां तें अर्धेंच ठेवून पुढें जातो. देवळांतील आख्यान, यात्रेंतील तंबूंत दाखविलेला चित्रपट आणि आतां तळहातावर मावणाऱ्या पडद्यावरील परदेशी मालिका, अशा क्रमानें या गांवासारख्या शेंकडों गांवांत कथेचें रूप पालटत आलें आहे.

अशा गांवांतील किंवा पुण्यामुंबईच्या एखाद्या बिऱ्हाडांतील एक देखावा आज सहज कल्पितां येतो. दिवेलागणीची वेळ आहे. नातू कोपऱ्यांत बसून जपानी चित्रमालिका पाहत आहे. जपानांत या हालत्या चित्रांच्या कथांना 'अॅनिमे' म्हणतात. पडद्यावर काळोख आहे, आक्रोश आहे, कोणाचा तरी मृत्यु आहे. आजी म्हणते, "दिवे लावायच्या वेळीं हें कसलें अभद्र पाहतोस रे?" नातू उत्तर देत नाहीं; त्याला तेथून डोळा काढवत नाहीं. मुलाला भीतीचें व्यसन जडलें, असें आजीच्या मनांत येतें.

परंतु याच आजीनें लहानपणीं हरिश्चंद्राचें आख्यान आईच्या मांडीवर बसून मध्यरात्रीपर्यंत ऐकलेलें असतें. त्या आख्यानांत राजा आपल्या बायकोला आणि मुलाला भर बाजारांत विकतो, मुलाला साप डसतो, आणि स्मशानाची राखण करणारा बाप आपल्याच मुलाच्या प्रेताचें शुल्क त्याच्या आईपाशीं मागतो. याहून काळोखी कथा दुसऱ्या कोणत्या देशानें रचली असेल? तरीहि त्या आख्यानाला कोणी अभद्र म्हटलें नाहीं. उलट तें मुलांच्या कानांवर पडावें म्हणून त्यांना मुद्दाम जागें ठेवण्यांत येई. तेव्हां विचार करण्याजोगा प्रश्न असा कीं, पहिल्याच बैठकींत श्रोत्याला धरून ठेवण्याचें सामर्थ्य अशा कथांत येतें कोठून? हा प्रश्न केवळ करमणुकीचा नाहीं. मुलाच्या त्या खिळून बसण्याला व्यसन म्हणावयाचें कीं कथेची खरी ओढ म्हणावयाची, हें त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे.

चित्र पुढें धरून कथा सांगण्याची चाल या भूमीला नवी नाहीं. सोलापूरच्या पूर्वेस असलेली कल्याणी, म्हणजे आजचें बसवकल्याण, ही चालुक्यांची राजधानी होती. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याच्या नांवावर असलेल्या बाराव्या शतकांतील 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथांत चित्रांच्या आधारें कथा सांगणाऱ्या चित्रकथकाचा उल्लेख आहे. पुढें महाराष्ट्रांत हाच धंदा करणारे चित्रकथी गांवोगांव फिरत. त्यांच्या चित्रांपैकीं पुष्कळ पैठणच्या परिसरांत मिळाल्यामुळें त्या शैलीला पैठणचें नांव पडलें. तीं चित्रें पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयांत पाहावयास मिळतात. सिंधुदुर्ग जिल्ह्यांत कुडाळजवळच्या पिंगुळी गांवीं ठाकर समाजानें ही कला जिवंत ठेविली असून, तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ सालीं 'पद्मश्री' हा किताब मिळाला.

चित्रकथी जमिनीवर बसतो. पोथींतील सुटीं चित्रें तो एकामागून एक पुढें उभीं करतो, गातो, मध्येंच गद्यांत सांगतो, पुन्हां गातो. आरंभीं गणपति आणि सरस्वती यांचें दर्शन होतें, आणि मग कथेचें पहिलें चित्र येतें. हीं चित्रें हालत नाहींत. राक्षसानें उगारलेला हात उगारलेलाच राहतो. हालतो तो फक्त सांगणाऱ्याचा आवाज, आणि त्या आवाजाबरोबर हालतें तें ऐकणाऱ्याचें मन. उगारलेला हात केव्हां खालीं येईल याचा हिशेब प्रत्येक श्रोता आपल्या ठिकाणीं बसून करीत असतो. चित्राचें अपुरेपण त्याच्या मनानें भरून काढलें जातें, आणि ज्यांत आपण भर घातली त्यावरून मन सहसा उठत नाहीं.

तथापि चित्र आणि आवाज हीं साधनें झालीं. खरें मर्म कथेच्या मांडणींत आहे, आणि तें पाहण्यासाठीं हरिश्चंद्राच्या कथेचा पहिला भागच घ्यावा. लोकांत प्रचलित असलेल्या कथेंत राजा स्वप्नांत आपलें राज्य एका ब्राह्मणाला दान देतो. सकाळ होते. अयोध्येचा दरबार भरतो. राणी तारामती आहे, लहानगा रोहिदास आहे, सर्व कांहीं कालच्यासारखेंच आहे. इतक्यांत विश्वामित्र दारांत उभा राहतो आणि रात्रीं दिलेलें राज्य मागतो. स्वप्नांतला शब्द जागेपणीं पाळावा कीं नाहीं? राजा तो पाळतो. येथें कथा संपली असती तर ती दातृत्वाची एक लहानशी गोष्ट होऊन राहिली असती. पण ऋषि पुढें विचारतो, 'दानावरची दक्षिणा कोठें आहे?' राज्य तर दिलें, आतां द्यावयास जवळ कांहींच नाहीं. मार्कंडेयपुराणांतील कथेप्रमाणें राजा महिन्याची मुदत मागून घेतो, आणि बायकोमुलासह नेसत्या वस्त्रानिशीं नगराबाहेर पडतो.

पहिल्या रात्रीं आख्यान येथें थांबलें तरी श्रोता घरीं जातांना काय घेऊन जातो हें पाहिलें पाहिजे. स्मशान त्याला अद्याप दिसलेलें नाहीं. साप, प्रेत, डोंबाचें घर, यांपैकीं कांहींच आलेलें नाहीं. त्याच्यापाशीं आहे तें एक थकलेलें देणें आणि त्याची मुदत. ज्याच्या हातांत कांहीं उरलें नाहीं तो हें देणें कशांतून फेडणार, हा विचार त्याला झोंपूं देत नाहीं. आणि उत्तराची पुसट जाणीव त्याला असतेच: राजापाशीं अजून तीन माणसें आहेत, त्यांत तो स्वतः एक. काळोख्या कथेची पकड ती हीच. भीतीनें माणूस दूर पळतो. दुसऱ्याच्या डोक्यावरचें देणें डोळ्यांदेखत ठरलेलें पाहिलें म्हणजे तो साक्षीदार होतो, आणि साक्षीदाराला निकाल लागेपर्यंत उठतां येत नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं ही केवळ पुढें काय झालें हें जाणण्याची उत्सुकता आहे. परंतु इतिहास या मताला पुष्टि देत नाहीं. दादासाहेब फाळके यांनीं भारतांतील पहिला पूर्ण लांबीचा कथापट तयार केला आणि तो ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहांत लोकांसमोर आणला, तेव्हां त्यांनीं निवडलेला विषय 'राजा हरिश्चंद्र' हाच होता. पुढें १९३२ सालीं कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीनें मराठींतील पहिला बोलपट काढला, त्याचेंहि कथानक तेंच: व्ही. शांताराम यांनीं दिग्दर्शित केलेला 'अयोध्येचा राजा', त्यांत गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र आणि दुर्गा खोटे तारामती. दोन्ही वेळां तिकीट काढून बसलेल्या बहुतेकांना कथेचा शेवट तोंडपाठ होता. शेवटीं देव प्रसन्न होणार आणि मुलगा उठून बसणार, हें कोणाला सांगावयास नको होतें. तरीहि लोक खिळून बसले. तेव्हां ओढ घटनेची नसून देणें फेडतांना माणूस मोडतो कीं टिकतो हें पाहण्याची होती, असेंच म्हणावें लागतें.

फाळके यांच्या मांडणींतील एक गोष्ट या दृष्टीनें लक्षांत घेण्यासारखी आहे. त्यांच्या या कथापटाचा जो भाग आज पाहावयास मिळतो त्याच्या आरंभीं राजा आपल्या लहान मुलाला धनुर्विद्या शिकवीत आहे आणि राणी जवळ उभी आहे. मुलाचें तें काम फाळके यांच्याच मुलानें केलें होतें. पुढें जें विकलें जावयाचें आहे तें प्रथम घरांतल्या उजेडांत, हंसतखेळत दाखविलें आहे. ज्याची किंमत प्रेक्षकाला कळलेली नाहीं त्याचा लिलांव पाहून त्याला दुःख होत नाहीं; म्हणून काळोख्या कथेच्या पहिल्या भागांत थोडा तरी उजेड असावाच लागतो.

साप्ताहिकाच्या पानांवर क्रमशः येणाऱ्या कादंबरीनें हीच गोष्ट शाईनें सिद्ध केली. हरि नारायण आपटे यांनीं १८९० सालीं पुण्यास 'करमणूक' हें साप्ताहिक सुरू केलें आणि त्यांत 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी थोडीथोडी प्रसिद्ध केली. कथा एका विधवेच्या छळाची आहे, आणि ती स्वतः तीच सांगते. तरी आरंभीं वाचकाला भेटते ती लहान यमू. तिचें घर, तिचा भाऊ, तिची आई. काळोख असतो तो फक्त शीर्षकांत. 'पण लक्षांत कोण घेतो?' असें विचारणारीनें वाचकालाच ऋणको ठरविलें आहे. लक्ष देणें हें त्याचें देणें झालें. त्या काळच्या मध्यमवर्गीय घरांतील वाचकाला पुढच्या अंकाची वाट पाहतांना आपण नुसती करमणूक करून घेत आहों असें म्हणतां येत नव्हतें.

आतां समुद्रापलीकडे जपानांत काय घडलें तें पाहावें. १९३० च्या सुमारास तोक्योच्या गल्ल्यांतून 'कामिशिबाई' नांवाचा खेळ फिरूं लागला. सायकलीच्या मागें लांकडी पेटी, पेटींत चित्रांचे पत्ते, आणि सांगणारा मिठाई विकणारा फेरीवाला. मिठाई घेणारीं मुलें पुढें बसत. एकेक पत्ता ओढला जाई, कथा रंगात येई, आणि नेमक्या कठीण प्रसंगीं पत्ते संपत, उरलेलें उद्यां. चित्रकथ्याच्या पोथीशीं या खेळाचा संबंध जोडण्यास आधार नाहीं, पण दोघांची युक्ति एकच होती. या खेळांतले नायकहि सौम्य नव्हते. एक कवटीच्या तोंडाचा 'ओगोन बॅट', तर दुसरा स्मशानांत जन्मलेला कितारो. १९५३ सालीं जपानांत दूरचित्रवाणी सुरू झाली, तेव्हां लोकांनीं तिला 'विजेचें कामिशिबाई' असें नांव दिलें. आणि कामिशिबाईचीं चित्रें काढणारे शिगेरु मिझुकि यांच्यासारखे कांहीं चित्रकार चित्रकथांच्या पुस्तकांकडे वळले. कितारो हा त्यांच्याच हातून पुढें पुस्तकांत आणि १९६८ पासून दूरचित्रवाणीवर गाजला.

दूरचित्रवाणीवरील अॅनिमेचा पाया घालणारी मालिका १ जानेवारी १९६३ रोजीं सुरू झाली. तिचे कर्ते ओसामु तेझुका हे वैद्यकाचें शिक्षण घेतलेले चित्रकार. मालिकेचें नांव 'तेत्सुवान आतोमु'. बाहेरच्या जगांत ती 'अॅस्ट्रो बॉय' म्हणून ओळखली जाते. ती मुलांसाठीं होती, पण तिच्या पहिल्याच भागांत एका शास्त्रज्ञाचा मुलगा मोटारीच्या अपघातांत मरतो. शोकानें वेडा झालेला बाप त्याच्याच रूपाचा यंत्रमुलगा घडवितो, त्याला मुलगा म्हणतो, आणि तो इतर मुलांसारखा वाढत नाहीं म्हणून संतापून त्याला सर्कशीला विकून टाकतो. बाजारांत विकलेला मुलगा! अयोध्येच्या राजानें शब्द पाळण्यासाठीं मुलगा विकला, या बापानें शब्द मोडून विकला. श्रोत्याच्या मनांत मात्र दोन्ही ठिकाणीं एकच देणें उभें राहतें. या मुलाला त्याचें घर कोण परत देणार?

पैसा आणि वेळ यांच्या टंचाईमुळें तेझुका यांनीं चित्रांची संख्या फार कमी ठेविली. चित्रपटांत सेकंदाला चोवीस चौकटी सरकतात. या मालिकेंत एकच चित्र तीन तीन चौकटी टिकवून सेकंदाला आठ चित्रांवर काम भागविण्यांत येई, आणि कित्येकदां तर स्थिर चित्रावर आवाजच चालू राही. म्हणजे चित्रकथ्याच्या पोथीचाच प्रकार झाला. चित्रांचें दारिद्र्य भरून काढण्याचा भार कथेवर पडला, आणि पहिल्या भागांतच श्रोत्याला बांधून ठेवण्याची कला तेथें कसास लागली.

पुढच्या काळांतील मालिका अधिक काळोख्या होत गेल्या, पण मर्म पालटलें नाहीं. हिदेआकि आन्नो यांची 'इव्हँजेलियन' ही मालिका ४ ऑक्टोबर १९९५ रोजीं सुरू झाली. तिच्या पहिल्या भागांत चौदा वर्षांचा शिंजी वर्षानुवर्षें न भेटलेल्या बापाच्या बोलावण्यावरून एका ओस पडलेल्या शहरांत येतो. बापानें त्याला बोलाविलें आहे तें मायेनें नव्हे, एका अजस्र यंत्रांत बसून लढण्यासाठीं. मुलगा नकार देतो. तेव्हां त्याच्याऐवजीं जखमी अवस्थेंतील एक मुलगी बिछान्यासकट आणली जाते. तिला सावरतांना शिंजीच्या हाताला रक्त लागतें, आणि तो तयार होतो. बाहेर राक्षस उभा आहे, पण पाहणाऱ्याला खिळवितो तो राक्षस नव्हे. मुलाच्या हातावरचें तें रक्त आणि बापाकडे थकलेलें प्रेम.

हाजिमे इसायामा यांच्या चित्रकथेवरून निघालेली 'अटॅक ऑन टायटन' ही मालिका एप्रिल २०१३ मध्यें सुरू झाली. पन्नास मीटर उंचीच्या तटाआड माणसें शंभर वर्षें सुखानें राहिलीं आहेत. पहिल्या भागाच्या पूर्वार्धांत एरेन नांवाचा मुलगा सरपण आणतो, आईशीं भांडतो, आणि प्रवासाला निघालेला बाप त्याला सांगतो कीं परत आल्यावर तुला तळघर दाखवीन. मग तटावरून एक राक्षसी मुख डोकावतें. घर कोसळून आई त्याखालीं अडकते. तिच्या कुटुंबाच्या उपकारांत असलेला एक शिपाई, आज तुमचें ऋण फेडतों, असें म्हणत तरवार उपसून धांवतो, राक्षसाला समोर पाहतो आणि मुलांना उचलून पळत सुटतो. आई मुलांच्या डोळ्यांदेखत मरते. येथें ऋण हा शब्द कथेनें आपल्याच तोंडानें उच्चारला आहे. आणि बापानें कबूल केलेलें तें तळघर? तें प्रेक्षकांना दिसावयास २०१९ साल उजाडलें. सहा वर्षें एक वचन थकलेलें राहिलें, आणि जगभरचे प्रेक्षक त्याची वसुली होईपर्यंत बसून राहिले.

एका शाळकरी मुलाला नांव लिहितांच माणूस मरतो अशी वही सांपडते, त्या २००६ च्या 'डेथ नोट' मालिकेंतहि रक्तापेक्षां नियम आधीं येतो. वही कोणी जबरदस्तीनें हातांत दिलेली नाहीं. मुलगा ती उचलतो आणि वापरतो. ज्या मृत्युदेवाची ती वही, तो त्याला पुढें स्वच्छ बजावतो कीं तुझें मरण आलें म्हणजे तुझें नांव मी माझ्या वहींत लिहीन. विश्वामित्राच्या दक्षिणेइतकेंच हें उघड आणि अटळ देणें आहे.

या सर्वांवरून काळोख्या कथेच्या पहिल्या भागाचे तीन धर्म दिसून येतात. आरंभीं एक घर असावें, कीं ज्याची किंमत ऐकणाऱ्याला कळावी. मग एक नियम किंवा शब्द स्पष्ट सांगितला जावा, कीं ज्यांतून पळवाट नाहीं. आणि त्या शब्दाचा पहिला हप्ता डोळ्यांसमोर वसूल व्हावा, बाकी थकलेली ठेवून पडदा पडावा. ज्या कथांत पहिल्या क्षणापासून नुसती कत्तल असते त्यांत यांपैकीं कांहींच नसतें. तेथें मेलेला माणूस कोण होता हें ठाऊक नसतें आणि त्याच्या मरणानें कोणावर कांहीं बंधन पडत नाहीं. अशी कथा पहिल्या भागांत दचकविते, दुसऱ्यांत कंटाळा आणते, आणि कंटाळा घालविण्यासाठीं तिला अधिक रक्त लागतें. व्यसन म्हणावयाचें तें याला.

म्हणून घरांतील वडील माणसांनीं पडद्यावर काळोख दिसतांच तो बंद करण्यापूर्वीं मुलाजवळ घटकाभर बसावें हें बरें. प्रत्येक मालिका प्रत्येक वयाला योग्य असते असें नाहीं. वर उल्लेखिलेल्या पुष्कळ मालिका अगदीं लहान मुलांसाठीं नाहींतच, आणि तेथें नकार देणें हें वडिलांचें कामच आहे. परंतु नकार देण्याच्या आधीं दोन प्रश्न विचारतां येतात: या कथेंत कोणाचें घर आहे? आणि कोणी कोणाचें काय देणें लागतो? मुलाला हें सांगतां आलें तर तो भीतीपाशीं बसलेला नाहीं, कथेपाशीं बसलेला आहे असें समजावें. सांगतां आलें नाहीं तर त्याला दुसरी कथा द्यावी. नुसता पडदा बंद करून भागत नाहीं.

आणि ती दुसरी कथा आजीपाशीं असतेच. माळशिरसच्या त्या कल्पिलेल्या घरांत नातवाची मालिका संपल्यावर आजीनें स्वप्नांत राज्य देणाऱ्या राजाची गोष्ट काढावी, आणि विश्वामित्र दक्षिणा मागतो तेथें थांबून दिवा मालवावा. उद्यां संध्याकाळीं नातू आपण होऊन तिच्यापाशीं येऊन बसेल.